पाच रात्री, एकच बेट: कोह लांताची पहिली सहल कशी आखावी

थायलंडला पहिल्यांदा निघालो तेव्हा सहा दिवसांत फुकेत, फी फी आणि सामुई अशी तीन बेटं आम्ही वहीत बसवली होती. वहीत सगळं बसतं. प्रत्यक्षात दोन अख्खे दिवस बॅगा घेऊन धक्क्यांवर आणि व्हॅनमध्ये गेले, आणि सामुईला पोचलो तर तिथे नोव्हेंबरचा धो धो पाऊस. तीन दिवस खोलीच्या ओसरीवर बसून काढले. समुद्र समोर होता आणि त्यात उतरता येत नव्हतं.

दुसऱ्या वेळी आईलाही बरोबर नेलं आणि फक्त कोह लांता धरलं. पाच रात्री, एक बेट, एक खोली. ती सहल आई अजून आठवते. खाली जे लिहिलंय ते या दोन्ही सहलींतून शिकलेलं आहे. चार ते सहा दिवस हातात असतील आणि थायलंडचं बेट पहिल्यांदाच बघणार असाल तर या क्रमानेच जा. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट शोधतात, मग बेट, आणि पावसाचा विचार सगळ्यात शेवटी. नेमका तोच क्रम उलटा करायचा आहे.

१. आधी महिना, मग बेट

थायलंडला दोन समुद्र आहेत. पश्चिमेला अंदमान समुद्र, त्यात फुकेत, क्राबी, फी फी, लांता, लिपे. पूर्वेला थायलंडचं आखात, त्यात सामुई, फांगान, ताओ. या दोन्हीकडचा पाऊस वेगवेगळ्या वेळी पडतो.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर पाऊस आणतात ते नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्या कोकणात येतात तेच. तिथे ते थोडे आधी पोचतात आणि उशिरा निघतात: मे ते ऑक्टोबर. या काळात लांताच्या किनाऱ्यावर लाटा उसळतात, प्रवासी बोटी थांबतात, बरीच हॉटेलं कुलूप लावून मालक गावी जातात. आपले कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या बाहेर काढतात. लांतासाठी त्यात आणखी दोन-अडीच महिने मिळवा. सामुई, फांगान आणि ताओ यांचा मोठा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट.

आपल्या सुट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर असं. दिवाळी नोव्हेंबरात आली तर लांता चालेल. ऑक्टोबरात आली तर मोसम जेमतेम सुरू होत असतो, सगळ्या बोटी पाण्यात उतरलेल्या नसतात. नाताळात हवा उत्तम, पण खोल्यांचे दर जवळजवळ दुप्पट आणि गर्दी. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचं असेल तर लांता नकोच, सामुई किंवा ताओ बघा. माझ्या मते लांतासाठी सगळ्यात चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास गेलात तर बहुधा त्याच पौर्णिमेला थाई लोकांचा लोय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकत्यांवर फुलं आणि दिवा ठेवून पाण्यात सोडतात. पंचगंगेच्या घाटावरचे दिवे पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

२. बेट एकच धरा

पाच रात्रींत दोन बेटं म्हणजे एक पूर्ण दिवस वजा. सकाळी खोली सोडायची, धक्क्यावर थांबायचं, दुपारी दुसऱ्या बेटावर पोचायचं, खोली मिळेपर्यंत तीन. तो दिवस ना इकडचा ना तिकडचा. सात रात्रींच्या आत असाल तर दुसऱ्या बेटाचा मोह सोडून द्या.

लांताच का? कोह म्हणजे बेट. कोह लांता क्राबी प्रांतात आहे. त्याचे दोन भाग: उत्तरेला लांता नोई, म्हणजे छोटं, आणि दक्षिणेला लांता याई, म्हणजे मोठं. पर्यटक राहतात ते लांता याईवर. जवळपास तीस किलोमीटर लांब, चिंचोळं, मधोमध जंगलाचा डोंगर. पश्चिमेला एकामागून एक पुळणी आणि पूर्वेला जुनं गाव. वस्ती बहुतांश मुसलमान. त्यांच्या जोडीला जुने चिनी व्यापारी आणि उराक लावोय नावाची समुद्रावर जगणारी मूळ जमात. फुकेतसारखे झगमगीत रस्ते नाहीत, ताओसारखी स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांची झुंबड नाही. आईवडील, लहान मुलं बरोबर असतील किंवा नुसतं शांत बसायचं असेल तर लांता. रात्री उशिरापर्यंत नाचायचं असेल तर हे बेट तुमचं नाही. ते आधीच ठरवलेलं बरं.

३. विमान: कुठे उतरायचं

लांतावर विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा क्राबीचा. मुंबईहून बँकॉकला आणि फुकेतला थेट विमानं जातात. क्राबीच्या थेट सेवा मोसमाप्रमाणे चालू-बंद होतात, तिकीट शोधताना आधी तेच बघा. थेट मिळालं नाही तर बँकॉकहून क्राबीचं देशांतर्गत विमान साधारण सव्वा तासाचं आहे.

इथे पहिला मोठा सापळा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. मुंबईचं विमान एका विमानतळावर उतरायचं आणि क्राबीचं स्वस्त तिकीट दुसऱ्यावरून, असं हमखास होतं. दोन्हींमध्ये शहर आडवं येतं, आणि वाहतूक तुंबली की दीड-दोन तास सहज जातात. पुढचं तिकीट दाखवलं की दोन्ही विमानतळांमध्ये मोफत बस मिळते, पण तिच्यावर घड्याळ लावू नका. शक्यतो दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या.

दुसरा सापळा: दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बँकॉकला इमिग्रेशन, बॅग घेणं आणि पुन्हा बॅग देणं हे सगळं तुम्हालाच करायचंय. मध्ये चार तास तरी ठेवा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. आमच्या ओळखीचं एक कुटुंब असंच चार तिकिटं गमावून बसलं.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. मध्यरात्रीचं विमान घेतलंत तर पहाटे बँकॉक, सकाळी क्राबी आणि दुपारपर्यंत लांता, असा मेळ बसतो.

४. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर १५ जुलै २०२४ पासून पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसामाफी लागू झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून ती ३० दिवसांची होती. म्हणजे हे नियम बदलत राहतात. विमानाचे पैसे भरण्याच्या दिवशी थाई दूतावासाचं संकेतस्थळ उघडून आजचा नियम वाचा, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

१ मे २०२५ पासून आणखी एक गोष्ट सक्तीची झाली आहे: थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, टीडीएसी. विमानात कागदी कार्ड भरायचो, त्याच्या जागी हे आलं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, लहान मुलांसकट प्रत्येकाचं. पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक आणि तिथल्या पहिल्या मुक्कामाचा पत्ता लागतो. शेवटी एक क्यूआर कोड मिळतो, तो मोबाइलमध्ये जपा आणि छापूनही घ्या.

हे कार्ड पूर्ण मोफत आहे. शोधयंत्रात टाकलं की वरच्या दोन-तीन जाहिराती पैसे मागणाऱ्या असतात आणि दिसतात अगदी सरकारी. खरी जागा थाई इमिग्रेशनची, तिच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा होतो. कुठल्याही टप्प्यावर बँकेच्या कार्डाचा क्रमांक विचारला तर ते पान बंद करा.

बरोबर ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण, छापलेलं. मुंबईला चेक-इनवरसुद्धा मागतात
- टीडीएसीचा क्यूआर कोड
- प्रवास विमा, पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा फोन वेगळ्या कागदावर
- खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा: रोख किंवा बँकेचं विवरणपत्र
- स्कूटर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि मूळ परवाना
- नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा

ई-सिगारेट नेऊ नका. थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि दंड जबर आहे. ड्रोनसाठी तिथे वेगळी नोंदणी लागते. पाच दिवसांसाठी तो व्याप करू नये असं माझं मत.

५. पैसे आणि फोन

एक बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. लांता अजून रोखीवर चालतं: जेवणाच्या टपऱ्या, स्कूटर, मालिश, छोट्या होड्या. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

थाई एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० ते २५० बाथ आकारतं, वर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. म्हणून थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा. मशीन मध्येच विचारतं की रक्कम रुपयांत बदलून घ्यायची का. तिथे नाही म्हणायचं, रूपांतर न करता पुढे जायचं. हो म्हटलंत की मशीनवाल्यांचा दर लागतो आणि तो नेहमीच वाईट असतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो.

रोख न्यायची तर मुंबई-पुण्यातून थोडे बाथ आणि बाकी डॉलर. रुपयांना तिथे भाव मिळत नाही. डॉलरची नोट मोठी, कोरी, शाई न लागलेली असावी. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर चालू करायला विसरू नका. विमानतळावर ओटीपी येत नाही म्हणून ताटकळलेले लोक मी पाहिलेत.

सिमकार्ड विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं. फोन ई-सिम घेणारा असेल तर घरूनच करून जा, म्हणजे भारताचं सिम ओटीपीसाठी आत राहतं. आपले दोन बारीक पायांचे चार्जर तिथल्या बहुतेक प्लगांत बसतात, तीन पायांचा जाड प्लग बसत नाही.

६. विमानतळापासून बेटापर्यंत

या टप्प्यात नवखा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर.

क्राबी विमानतळावरून सामायिक व्हॅन तुम्हाला थेट लांतावरच्या हॉटेलच्या दारात सोडते. माणशी साधारण ४०० ते ६०० बाथ, वेळ दोन ते तीन तास. वाटेत बान हुआ हिन नावाच्या धक्क्यावर अख्खी गाडी फेरीबोटीवर चढते आणि लांता नोईवर उतरते. दाभोळ-धोपावे फेरीबोट केली असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईल: तशीच गाड्यांची रांग, तसेच उतरून कठड्याला टेकलेले लोक. पुढे लांता नोई ओलांडून एका पुलावरून लांता याई. हा सिरी लांता पूल २०१६ साली झाला. त्याआधी इथे दुसरी फेरी होती. जुन्या लेखांत दोन फेऱ्या वाचाल तर गोंधळू नका.

हुआ हिन नावाचं प्रसिद्ध शहर थायलंडमध्ये दुसरीकडे, बँकॉकच्या नैर्ऋत्येला आहे. नकाशात ते निवडलंत तर तुम्हाला शेकडो किलोमीटर लांबचा रस्ता दाखवला जाईल.

सामायिक व्हॅन संध्याकाळनंतर मिळत नाही आणि रात्री फेरीबोटही थांबते. क्राबीला दुपारी तीनच्या आत उतरणारं विमान घ्या. त्यापेक्षा उशीर होत असेल तर रात्र क्राबी गावात काढा आणि सकाळी निघा. क्राबीचा रात्रीचा बाजार बघण्यासारखा आहे, ती रात्र वाया जात नाही.

फुकेतला उतरलात तर दोन वाटा. रस्त्याने चार-पाच तास, किंवा रस्सादा धक्क्यावरून फी फीमार्गे बोट. बोट सुंदर आहे, पण तिच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारनंतर उतरलात तर त्या दिवशीची बोट मिळेलच असं नाही. समुद्र लागत असेल तर ॲव्होमिनची गोळी बोटीत बसण्याआधी एक-दोन तास घ्यायची, उलटी यायला लागल्यावर नाही.

७. कोणत्या किनाऱ्यावर राहायचं

लांताचे किनारे उत्तरेकडून दक्षिणेकडे जात जात शांत होत जातात.

ख्लोंग दाओ सगळ्यात उत्तरेला, सालादान धक्क्याजवळ. उथळ पाणी, मऊ वाळू, बराच वेळ चालत गेलात तरी कमरेएवढंच पाणी. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर डोळे मिटून इथे राहा. आईला आम्ही इथेच ठेवलं आणि ती रोज संध्याकाळी एकटी पाण्यात उतरायची. त्याच्या खाली फ्रा ए, ज्याला लाँग बीच म्हणतात: लांबलचक, झाडांची सावली, खाण्याची भरपूर ठिकाणं. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांना मी हा सुचवते.

ख्लोंग खोंग स्वस्त आणि मोकळाढाकळा, पण ओहोटीला तिथे खडक उघडे पडतात आणि पोहता येत नाही. आरक्षणाच्या संकेतस्थळावरचे फोटो सगळे भरतीचे असतात. पुढे ख्लोंग निन, आणि दक्षिणेला कांतियांगचा अर्धचंद्राकृती उपसागर, फारच देखणा. मात्र तिथून गावात यायला चढउताराचा रस्ता आहे, स्कूटर नसेल तर अडकल्यासारखं होतं.

खोली घेताना परीक्षणं वाचाल ती तुम्ही जाणार त्याच महिन्यातली वाचा. पावसाळ्यातल्या तक्रारी आणि फेब्रुवारीतलं कौतुक यांचा एकमेकांशी संबंध नसतो. साध्या पंख्याच्या बंगल्या ८०० बाथपासून मिळतात, वातानुकूलित बरी खोली दीड-दोन हजारांपासून. गर्दीच्या दिवसांत याच्या वर धरा.

८. स्कूटर: घ्यायची तर नीट घ्या

थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, लांतावर रहदारी कमी आहे, आणि स्कूटर दिवसाला २०० ते ३०० बाथला मिळते. म्हणून प्रत्येक जण घेतो. देणारा परवाना विचारतही नाही. पण पोलीस विचारतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी विचारते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर दवाखान्याचं सगळं बिल तुमच्या खिशातून जातं. हा परवाना आपल्या आरटीओत मिळतो. मूळ परवान्यावर दुचाकी असेल तरच त्यावर दुचाकी येते, फक्त चारचाकीचा परवाना असेल तर उपयोग नाही. निघण्याच्या तीन आठवडे आधी अर्ज करा. आणि विमा घेताना त्यात दुचाकीचा अपघात धरला आहे का, ते वाचूनच घ्या.

स्कूटर ताब्यात घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, मालकाच्या समोर. पासपोर्ट गहाण ठेवू नका, त्याची झेरॉक्स आणि रोख अनामत द्या. आम्ही पहिल्या सहलीत दुसऱ्या एका बेटावर पासपोर्ट ठेवला होता. परत करताना जुनाच ओरखडा दाखवून तीन हजार बाथ मागितले, आणि पासपोर्ट त्यांच्या खणात असल्यामुळे द्यावे लागले. तो ओरखडा मला अजून दिसतो.

स्कूटर चालवत नसाल तर बाजूला बसायची जागा जोडलेल्या मोटारसायकली, म्हणजे तिथल्या टुकटुक, सगळीकडे मिळतात. बसण्याआधी भाव ठरवायचा.

९. समुद्रावरचा दिवस

लांताहून निघणारी प्रसिद्ध सहल म्हणजे चार बेटं: कोह मुक, कोह क्रादान, कोह न्गाई आणि कोह चुआक. सकाळी हॉटेलातून उचलतात, संध्याकाळी सोडतात, जेवण आणि पाण्यात बघायचा चष्मा धरून साधारण १,००० ते १,८०० बाथ. लांब शेपटाची लाकडी होडी स्वस्त आणि संथ, स्पीडबोट महाग आणि आदळणारी. पाठदुखी असेल तर स्पीडबोटीत मागच्या बाजूला बसा, पुढे नाही.

कोह मुकवरची थाम मोराकोत ही गुहा चुकवू नका. मोराकोत म्हणजे आपला मरकत, पाचू. अंधाऱ्या बोगद्यातून सुमारे ८० मीटर पोहत जायचं, आणि पलीकडे उंच कड्यांनी वेढलेला, वरून उघडा, छोटासा किनारा. मधल्या काळोखात काहीच दिसत नाही, फक्त लोकांचे आवाज घुमतात. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून, एकमेकांना धरून, वाटाड्याच्या मागे जाता येतं. गर्दीच्या वेळी सगळ्या बोटी एकदम पोचतात, म्हणून सकाळी सगळ्यात आधी गुहेत नेणारी सहल विचारून घ्या.

आणि तारीख ठरवताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त आणि पाणी ढवळलेलं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी, पाणी निवळ आणि मासे छान दिसतात. कोकणातला कोणताही मासेमार हे सांगेल. लांताच्या पाण्यालाही तोच चंद्र ओढतो. सहल विकणारे हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना रोज बोट भरायची असते.

प्रवाळांवर उभं राहू नका, माशांना पाव टाकू नका. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी द्रव्यं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. इथूनच झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट. पालथं पडून मासे बघताना पाठ कधी भाजते ते रात्री कळतं.

किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. काही पुळणींवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या दिसतील. त्या जेलीफिशसाठी आहेत. दंश झाला तर त्या जागी व्हिनेगर ओतत राहायचं. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, आणि लगेच मदत बोलवायची. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. दोन्ही क्रमांक फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

१०. खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. नारळाचं दूध, चिंच, मिरची, ताजी मासळी. कोकणातल्या माणसाची जीभ तिथे लगेच रमते. मुसलमानी वस्तीमुळे हलाल जेवण सगळीकडे. केळं घालून तव्यावर केलेली रोटी संध्याकाळी रस्त्यावर मिळते, ती खाऊन बघा.

शाकाहारी माणसाला मात्र तयारी हवी. नुसतं भाजी म्हटलं तर मांस काढतील, पण माशाचा खारट सॉस, म्हणजे नाम प्ला, घालतीलच. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. थाई करीच्या वाटणात कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. शब्द लक्षात ठेवा: 'आहान जे'. आहान म्हणजे आहारच, आणि जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मंडळींनाही हा शब्द कामाचा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ती जे खानावळ. बाकी ठिकाणी 'माई साय नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस घालू नका, 'माई साय खाय' म्हणजे अंडं नको. हे थाई लिपीत लिहिलेलं फोनमध्ये ठेवा आणि दाखवा, कारण सुरांत चूक झाली की अर्थ बदलतो. आई शाकाहारी आहे. पहिल्या दिवशी मेतकूट-भाताने निभावलं, दुसऱ्या दिवसापासून समोरच्या खानावळीतली बाई तिच्यासाठी वेगळी कढई घासून घ्यायची.

नमस्काराला 'सावाद्दी' म्हणतात, मूळ आपलं स्वस्ति. बाईने शेवटी 'खा' जोडायचं, पुरुषाने 'ख्राप'. आभाराला 'खोप खुन'. एवढं बोललात तरी समोरचा चेहरा बदलतो.

११. पाच दिवसांची मांडणी

पहिला दिवस पोचण्याचा, संध्याकाळी फक्त सूर्यास्त. दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, रात्रभरच्या प्रवासानंतर शरीराला तो लागतो. चार बेटांची सहल तिसऱ्या दिवशी. शेवटच्या दिवसावर ती कधीच टाकू नका, कारण हवा बिघडून रद्द झाली तर हातात एक-दोन दिवस उरले पाहिजेत.

चौथ्या दिवशी दक्षिण टोक आणि जुनं गाव. टोकाला मू को लांता राष्ट्रीय उद्यान आहे, परदेशी माणसाला साधारण २०० बाथ. पांढरं दीपगृह, दोन बाजूंना दोन किनारे, आणि हातातली पिशवी हिसकावणारी माकडं. परतताना पूर्वेचं जुनं गाव: पाण्यात खांबांवर उभी लाकडी घरं, मागच्या ओसरीवर बसून समुद्रावर जेवता येतं. इथे आणि गावांमधून फिरताना अंगभर कपडे घाला, पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते. दक्षिणेला संगा-उ इथे उराक लावोय लोकांची वस्ती आहे. तिथे जायचं तर पाहुण्यासारखं जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. हत्तीवर बसवणाऱ्या सहली टाळा. प्राणी आवडत असतील तर लांता ॲनिमल वेल्फेअरमध्ये बेवारस कुत्रे-मांजरं सांभाळतात, तिथल्या कुत्र्याला फिरायला नेता येतं.

पाचवा दिवस पुन्हा मोकळा. पावसाने किंवा पोटाने काही हिरावलं असेल तर ते या दिवशी भरून काढायचं.

१२. परतताना

सहाव्या दिवशी विमान दुपारी दोननंतरचं असेल तरच सकाळी लांताहून निघा. विमान सुटण्याच्या वेळेआधी किमान सहा तास हॉटेल सोडायचं, हे माझं मोजमाप आहे: तीन तास व्हॅन, एक तास फेरीबोटीच्या रांगेसाठी राखीव, दोन तास विमानतळ. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री क्राबीला येऊन राहा.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. बुद्धाच्या मूर्ती बाहेर न्यायला परवाना लागतो. गांजाची दुकानं तुम्हाला थायलंडमध्ये दिसतील. पण तो भारतात आणणं हा अमली पदार्थ कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, आणि बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्यांकडून तो पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. म्हणून विमानतळावर कुणी मराठीत, अगदी गावाकडची ओळख काढून, "एवढी एक बॅग तुमच्या नावावर टाकता का, माझं वजन जास्त झालंय," म्हणालं तरी हात लावू नका. बँकॉकच्या रांगेत आईला एका मुलाने हेच विचारलं होतं. ती नाही म्हणाली, आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.